दुधातला येसूर

काष्टी

प्रिय करण,

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बास झालं आता ते ऑनलाईन, सामान आवर आणि पुण्याला ये." मी हो-नाही काहीच बोलले नाही, तर तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच रडू फुटतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे. जन्मभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, त्याचा एकदा मलाही उपयोग होऊ दे.

माझा निरोप समारंभ आठवतो का? शाल, नारळ, हेडमास्तरांचं न संपणारं भाषण. तू सुकन्याला घेऊन आला होतास. घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता मी विचारलं होतं, आता मी तुमच्याकडेच येऊ का राहायला? तुझे बाबा गेल्यापासून हे घर मला खायला उठतं, हे तुला माहीत होतं. तू खिशातून मोबाईल काढलास. मग म्हणालास, "तिकडे चार भिंतींत तू बोअर होशील गं. त्यापेक्षा एखादा ऑनलाईन बिझनेस कर ना." मी राहायला जागा मागितली आणि तू मला धंदा दिलास. तेव्हाच कळायला हवं होतं, पण पोटच्या पोराचं बोलणं आलं की माझी अक्कल शेण खायला जाते.

मग तुझा धोशा सुरू झाला, "आधी तुझी निच ठरव." मराठीची बाई मी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, तू कुणाला तरी शिवी देतो आहेस. तू समजावलंस की निच म्हणजे आपला स्वतःचा एक कोपरा, जिथे आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नाही. कोपरा हा शब्द तू अगदी नेमका वापरलास, हे आता कळतंय.

तू त्या दाढीवाल्या मुलाचे व्हिडिओ पाठवायचास, निवृत्तीनंतर घरबसल्या काय काय करता येतं त्याचे. मी चष्मा पुसून पुसून सगळे पाहिले. सुंदर हस्ताक्षराचा वर्ग काढला, तर दोन मुली आल्या आणि त्यातल्या एकीच्या आईनं विचारलं, टायपिंग पण घेता का. साड्या विकायचं तू सुचवलंस, पण मोबाईलसमोर पदर पसरून हसणं मला जमेना. शेवटी माझी निच काढली ती शेजारच्या कडूबाईनं. माझ्याकडची आमटी ओरपत म्हणाली, "बाई, तुमी ह्यो येसूरच का इकत न्हाई? इकडं कुनालाच असा जमत न्हाई."

तिचं खरं होतं. माझं माहेर जामखेडकडचं, येसूर तिकडचा. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. तुझी आजी बनुबाई भाजायला बसली की आम्हाला चुलीजवळ फिरकू देत नसे. म्हणायची, "येसूर घरच्यांसाठी नसतोय गं, अवचित येनाऱ्यासाठी असतोय." दारात अचानक माणूस आलं, घरात भाजीचं पान नसलं, तरी उकळत्या पाण्याला येसूर लावला की आमटी तयार. डबा भरलेला असेल त्या घरातून पाहुणा उपाशी जात नाही, अशी तिची शेखी होती. तुझ्या लग्नातही मी डबाभर करून आणला होता. केटररनं तो उघडला नाही, मी तसाच परत आणला.

तर आजीचा फोटो लावून तू पेज काढून दिलंस आणि काय नवल, ऑर्डरी येऊ लागल्या. शिर्डीहून आली, नगरहून आली, नाशिकहून आली. मी आणि कडूबाई धुरात डोळे चोळत भाजत होतो. पाकिटं घेऊन मी स्वतः कुरिअरवाल्याकडे जायची. बाजारच्या दिवशी भाजीवालीलासुद्धा सांगत सुटले, शिर्डीची माणसं माझ्याकडून मागवतात म्हणून. सुकन्याचं बाळंतपण आलं तेव्हा मी पिशवी भरायला घेतली, तर तू म्हणालास, "इथे तिची आई आहे, तू तुझ्या ऑर्डरींचं बघ." मी ऑर्डरींचं बघत बसले. नातीला बारशात पाहिलं, तेही लोकांच्या गराड्यात.

त्यानंतर शिर्डीच्या गिऱ्हाइकानं पेजवर अभिप्राय लिहिला. पाच तारे दिले होते. "फारच पौष्टिक. रोज सकाळी दुधात घालून घेतो. मुलांनाही आवडतो." मी कडूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुधात? आन् मिरचीचा येसूर? त्या मानसाचं पोट हाय का पत्र्याची पेटी?" दोघी पोट धरधरून हसलो. पण रात्री माझ्या मनात आलं, खरंच कुणी लेकराला पाजला तर? सकाळी ऑर्डरीवरच्या नंबरला फोन लावला. नाव कुणा सहादेवरावांचं होतं, आवाज मात्र हर्षलचा, तुझ्या ऑफिसातल्या. तुमच्या लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसला होता तो.

पोरगा साधा आहे, त्याला खोटं रेटता येईना. म्हणाला, "काकू, मला वाटलं नाचणीच्या सत्त्वासारखं काहीतरी असेल. मी कधी चाखलं नाही. शिर्डीला आमचं घर आहे, म्हणून माझ्या वडिलांचं नाव दिलं आणि करणनं सांगितलं तसं लिहिलं." त्याच्याकडूनच कळलं, नाशिकचं गिऱ्हाईक तूच उभं केलेलं, नगरचंही तूच. पाकिटं तिथल्या ओळखीच्यांकडून फिरून तुझ्याच घरी पोचती होतात आणि गॅलरीतल्या कपाटात न फोडता पडून असतात. वर हर्षल म्हणाला, "तुम्ही गुंतून राहावं म्हणून करतो हो बिचारा." मला काय लागलं असेल तर तो 'बिचारा'.

हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे. कडूबाईलाही सांगितलं नाही, तिच्यापुढे तुझी लाज राखली. तू मागवत राहिलास, मी भाजत राहिले. भाजताना हात आखडता घेतला नाही, कारण वाईट येसूर माझ्याच्यानं होत नाही. आईला बरं वाटावं म्हणून केलंस असं मनाला खूप समजावलं. पण आईला बरं वाटायला एवढा खटाटोप लागत नव्हता रे, नुसतं "ये" म्हटलं असतंस तरी चाललं असतं. मला दूर ठेवायला तू जेवढी मेहनत घेतलीस, तेवढ्यात मी तुझ्या घरात जन्म काढला असता.

आणि आता परवाचा फोन. सुकन्याची रजा संपली, तिच्या आईचे गुडघे गेले, पाळणाघर तुम्हाला पसंत पडेना. आता मी तिकडे बोअर होणार नाही, असं दिसतंय. माझी निच शेवटी तुलाच सापडली. त्याच फोनचं हे उत्तर आहे, करण. नातीचा यात काही दोष नाही, म्हणून मी येते. पण राहायला येत नाही, पाहुणी म्हणून येते. एक पिशवी आणीन, ट्रंक इथेच राहील. घराची किल्ली कडूबाईकडे असेल आणि तिला सांगून निघेन की लवकरच परतते. मी आहे तोवर पोरीसाठी चांगली बाई बघून ठेवा. आणि पाहुणीला पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत, तेव्हा आमटी तुम्हीच करा. येसूर गॅलरीतल्या कपाटात आहे. पाण्यात लावतात तो, दुधात नाही.

अजूनही तुझीच,
आई