ओल्या कचऱ्याचा सूड

४ जून, बुधवार

आजचा दिवस विसरायचा नाही. म्हणून ही रोजनिशी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

संस्थेच्या सेमिनारमध्ये माझा आलेख उलटा निघाला. म्हणजे आलेख बरोबर होता, अक्ष उलटे होते. मोबाइलवर माहितीपट पाहून लोकांचं सार्वजनिक कामातलं सहकार्य कसं घटतं, हे मी पाऊण तास सिद्ध करत होतो. टोचणीनं हात वर केला. अत्यंत गोड आवाजात विचारलं, सर, हे घटतंय की वाढतंय? संचालकांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं आणि हसले. संचालक हसल्यावर सगळे हसले. पगारी माणसं.

टोचणी माझी जुनी विद्यार्थिनी; हे नाव मी मनात ठेवलेलं. प्रश्नावली कशी तयार करायची हे मीच शिकवलं तिला. पहिल्याच तासाला सांगितलं होतं, शंका आली की तिथल्या तिथे विचारायची. मला विचारायची असं म्हणालो नव्हतो.

सूड घेणार. शांतपणे, शास्त्रीय पद्धतीनं.

५ जून, सकाळी

ही म्हणाली, चूक झाली तर झाली, सोडून द्या. हिला संशोधनातलं कळत नाही. चूक नव्हती, मांडणी होती.

संकल्प: टोचणीशी अबोला. लिफ्टमध्ये भेटली तरी छताकडे बघायचं.

संध्याकाळी

लिफ्टमध्ये भेटली. छताकडे बघितलं. तिनंही बघितलं. म्हणाली, गळतंय का सर? उतरल्यावर तिनं देखभालवाल्यांना फोन केला. छत खरंच गळत होतं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

१० जून

हद्द झाली. कचऱ्याचा मोठा प्रकल्प संचालकांनी टोचणीला दिला. माझी सेवाज्येष्ठता गेली कचऱ्यात.

प्रकल्प असा. शहरातल्या काही सोसायट्यांना मोबाइलवर छोट्या फिल्म पाठवायच्या. ओला कचरा वेगळा, कोरडा वेगळा, वगैरे. काही सोसायट्यांना काहीच पाठवायचं नाही. या तुलनेसाठी. मग दोन्हीकडचे डबे उघडून बघायचं. फिल्मवाल्यांनी जास्त सहकार्य केलं, तर लोक माध्यमातून शिकतात हे सिद्ध, आणि महापालिका तसं धोरण करणार.

माझं मत सर्वांना माहीत आहे. लोक शिकत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. पडदा कितीही मोठा असो.

जेवताना ही म्हणाली, निदान ताटात बघून जेवा, मोबाइल ठेवा. ठेवला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

१२ जून

सापडलं!

टोचणीच्या खोलीत भिंतीवर नकाशा आहे. फिल्मवाल्या सोसायट्या हिरव्या, तुलनेतल्या निळ्या. आमची सोसायटी निळी! म्हणजे आम्हाला फिल्म येणार नाही. आमचा कचरा एकत्रच राहील, अशी बाईंची खात्री.

आणि तो राहिलाच नाही तर?

फिल्म न बघता आमची सोसायटी सगळ्या शहरात चोख निघाली, तर फिल्मचं कौतुक मातीत. शेवटच्या सेमिनारला ती मोठ्या तोऱ्यात निकाल दाखवेल. मी उभा राहीन. एकच प्रश्न विचारीन: आणि निळ्या सोसायटीचं काय, बाई? सगळ्या संस्थेसमोर. अक्षासकट.

आज छान झोप लागणार.

१३ जून

प्रारंभ स्वतःपासून. हिला विचारलं, आपला ओल्या कचऱ्याचा डबा कोणता? ही म्हणाली, डबा एकच आहे, आणि तो लग्नापासून त्याच जागी आहे. जागा विचारली. सांगितली.

दुसरा डबा आणला. निळा मिळाला नाही, गुलाबी आणला.

१५ जून, रविवार

दारोदार प्रचार. सूट घातला होता, हातात पत्रकं.

पहिल्या मजल्यावर दंतवैद्य. त्यांना सार्वजनिक सहकार्याचे चार सिद्धांत समजावले. तिसऱ्या सिद्धांताला म्हणाले, आत पेशंट तोंड उघडून बसलाय. दार लावून घेतलं. चौथाच महत्त्वाचा होता.

दुसऱ्या मजल्यावर गायनशिक्षिका. यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, नारळाची करवंटी ओल्यात की कोरड्यात? संदर्भ बघून सांगतो म्हणालो.

बाकीच्यांनी मी निवडणुकीला उभा आहे असं समजून हात जोडले.

एकूण प्रतिसाद उत्साहवर्धक.

१९ जून

कचऱ्याच्या खोलीत डोकावलो. सगळं एकत्र. सगळ्यात वरती माझंच पत्रक, तेही खरकटं गुंडाळलेलं.

या लोकांचाही सूड घेणार. पण आधी टोचणी.

२४ जून

टोचणीची माणसं तपासणीला येऊ लागली! सकाळी एक माणूस हातात पॅड घेऊन कचऱ्याच्या खोलीत शिरला. कोपरान्‌कोपरा बघून काहीतरी टिपून घेतलं. ही म्हणाली, तो झुरळं मारायला आलाय, सोसायटीनंच बोलावलंय. सामान्य नागरिकाला निरीक्षण ओळखता येत नाही, ते असं.

म्हणजे वेळ थोडा आहे. लोक करत नसतील तर मी करणार. स्वतः. त्याला संशोधनात हस्तक्षेप म्हणतात खरं, पण मी प्रकल्पात नाही. मला घेतलेलंच नाही. भोगा.

२६ जून, पहाटे

फिरायला जातो सांगून खाली गेलो. बाह्या सरसावल्या. डबे उपसले. ओला इकडे, कोरडा तिकडे. वास भयंकर. टोचणीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, मग जमलं.

ही म्हणाली, फिरून आल्यावर माणसाला घामाचा वास येतो, हा कसला?

३ जुलै

टोचणीनं तिची प्रश्नावली तपासायला दिली. म्हणाली, तुमच्यासारखं कुणी तपासत नाही सर. मी मनात म्हणालो, आता बघच. दातओठ खात पानोपानी लाल शाई केली. एकही प्रश्न जागेवर ठेवला नाही. तिला रडू कोसळलं पाहिजे, एवढंच लक्ष्य.

५ जुलै

टोचणीनं सगळ्या सुधारणा स्वीकारल्या. संचालक म्हणाले, आता खरी प्रश्नावली झाली. तिला शाबासकी.

हात दाखवून अवलक्षण.

११ जुलै

पकडलो गेलो. कोपरापर्यंत हात डब्यात, आणि दारात गायनशिक्षिका. मी म्हणालो, अंगठी पडली. त्या म्हणाल्या, रोज? त्या रोज गॅलरीतून बघत होत्या म्हणे. मग एकदम हळव्या झाल्या. म्हणाल्या, एवढा शिकलेला माणूस आमचा कचरा निवडतो, आणि आम्ही घरात बसून ताना घेतो. आमची आम्हालाच लाज वाटली.

सुडाचं कारण सांगता येईना. मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

१३ जुलै

दंतवैद्यांनी हातमोज्यांची पेटी पाठवली. सोबत निरोप, तोंडाला मास्क लावत जा.

संध्याकाळी स्वतः आले. म्हणाले, पेशंट नाही, बोला तो चौथा सिद्धांत. चौथा सिद्धांत आठवला नाही. मी म्हणालो, खरकटं निथळून टाका, मग पिशवी फुटत नाही. ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंत?

२ ऑगस्ट

इमारत पालटली! प्रत्येक दारात दोन डबे. मी रोज संध्याकाळी एकेका घरी बसतो. सिद्धांत सांगायचं सोडलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा राहून दाखवतो. करवंटीचाही निकाल लावला. लोक खुर्ची पुढे करतात. पोरंटोरं मला कचरेसर म्हणतात. मत्सर.

ही म्हणाली, इतकी वर्षं इथे राहून तुम्हाला शेजारच्यांची नावं माहीत नव्हती, आता त्यांची दुखणीसुद्धा माहीत आहेत. बरं वाटलं म्हणाली. तिला खरा हेतू सांगितलेला नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

पॅडवाला माणूस पुन्हा आला होता. कचऱ्याची खोली बघून म्हणाला, माझं इथे काही काम उरलं नाही. ऐकून अंगावर काटा आला. शत्रूची कबुली!

२० ऑगस्ट

टोचणी खूश दिसते. निकाल चांगले येताहेत म्हणे. हस बाई, हस. निळ्या सोसायटीचं तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आज तिनं विचारलं, सर, बरं नाही का, वाळलात. मी म्हणालो, फिरायला जातो. आवाज सूचक ठेवला होता. तिला कळला नाही.

११ सप्टेंबर

उद्या सेमिनार. आरशासमोर तालीम केली. एकच वाक्य, पण ‘बाई’च्या आधी थांबायचं. ही दारातून म्हणाली, कोणत्या बाई?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायलाच हवं, म्हणून लिहितो.

सभागृह भरलेलं. महापालिकेचे आयुक्त पहिल्या रांगेत. टोचणीनं निकाल दाखवला. हिरव्या सोसायट्यांचा खांब उंच, निळ्यांचा बुटका. मी जागचा उठलो. छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात पडद्यावर नकाशा आला. आमची सोसायटी पांढरी.

निळी नाही, हिरवी नाही. कोरी. टोचणी सांगत होती, ही एक सोसायटी आधी निळ्यांत होती, पण तपासणी सुरू होण्यापूर्वीच वगळली, कारण संस्थेतले एक ज्येष्ठ संशोधक तिथे राहतात. नीतिसमितीनंच तसं सुचवलं. नीतिसमितीवर मी आहे. त्या बैठकीला गेलो नव्हतो. त्या दिवशी करवंटीचे संदर्भ बघत होतो.

म्हणजे आमचा डबा कुणीच उघडला नाही. एकदाही. सगळा पावसाळा मी ज्यात हात घातला, त्याची विज्ञानाला दखलच नाही.

आणि मी उभा. एकटा. सगळं सभागृह माझ्याकडे बघतंय. आयुक्तसुद्धा मागे वळले. काहीतरी करणं भाग होतं. टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारचा उठला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगा. मग संचालक, आयुक्त. सगळं सभागृह उभं राहून टोचणीसाठी टाळ्या वाजवू लागलं. संस्थेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं म्हणे.

टोचणी मंचावर रडली. शेवटी रडली. खाली येऊन म्हणाली, सर, त्या आलेखाच्या दिवसापासून मला भीती वाटत होती, तुम्ही मनात धरलं असेल. आणि तुम्हीच सगळ्यात आधी उभे राहिलात. मी म्हणालो, छे छे. संचालक म्हणाले, याला म्हणतात मोठं मन.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, खऱ्या हेतूसकट. ही इतकी हसली की पदरानं डोळे पुसायला लागले. मग म्हणाली, जेवून घ्या.

१५ सप्टेंबर

संकल्प: सहकार्य बंद. ज्या समाजाची कुणी तुलनाही करत नाही, त्यानं शिकून करायचं काय? सगळ्या जगाचा एकदम सूड. आज सकाळी घरातला ओला-कोरडा सगळा एका पिशवीत कोंबला, वर चहाचा चोथा ओतला, गाठ मारली आणि खाली टाकून आलो. तब्बल तीन महिन्यांनी माणसासारखं वाटलं.

त्याच दिवशी, दहा वाजता

बेल वाजली. दारात एक मुलगी, चौथ्या मजल्यावर याच आठवड्यात राहायला आली म्हणे. हातात माझी पिशवी, लांब धरलेली. म्हणाली, काका, तुम्हाला टाकताना पाहिलं म्हणून आले, रागावू नका. या इमारतीत असं चालत नाही. मग तिथेच उंबऱ्यावर उभी राहून समजावू लागली. खरकटं निथळून टाकायचं, म्हणजे पिशवी फुटत नाही. करवंटी कोरड्यात, पण खोबरं नीट खरवडून. घाई करायची नाही, आठवड्यात हात बसतो. शब्दन्‌शब्द माझा. दंतवैद्यांनी तिला शिकवलं, त्यांना कुणी शिकवलं ते तिला माहीत नव्हतं.

शेवटी फार आपुलकीनं तिनं विचारलं, नवीन राहायला आलात का?

आतून ही ऐकत होती.

मी हो म्हणालो.