बरं म्हणजे सुटला

३ मार्च, सोमवार
विद्यापीठाच्या मदतखिडकीला आज शंभर दिवस झाले. विद्यार्थी ॲपवर प्रश्न टाकतो, माझा प्रोग्राम तो योग्य टेबलाकडे पाठवतो. आमच्या विभागप्रमुखांना सगळे टक्केसाहेब म्हणतात. (टक्कल वेगळं.) ते म्हणाले, "सत्त्याऐंशी टक्के प्रश्न सुटले. नव्वद दाखवा, तुमचा करार वाढवून घेतो." पूर्वी विद्यार्थी दीड दीड तास रांगेत उभे असायचे. आता रांग नाही. हे मी केलं, एवढं इथे लिहायला हरकत नाही.

६ मार्च, गुरुवार
नव्वद कसे गाठायचे ते सापडलं. काम झालं तरी मुलं 'सुटला' हे बटण दाबत नाहीत. 'बरं', 'ठीक', 'ओके' असं काहीतरी लिहितात आणि जातात. म्हणून नियम घातला — शेवटचं उत्तर यातल्या शब्दाने सुरू झालं, तर प्रश्न सुटला. बंद झाला की टेबलाच्या यादीतून जातो. वीस नमुने तपासले. वीसही बरोबर.

९ मार्च, रविवार
धाकटी वसतिगृहातून जेवायला आली. तिचं शेवटचं वर्ष. जुलैपासूनच्या नोकरीचं पत्र हातात आहे, फक्त पास व्हायचं बाकी. भात वाढून घेताना म्हणाली, "ताई, परीक्षेचा अर्ज अडकलाय. हजेरी कमी दाखवतंय."

जानेवारीत तिचा फोन बिघडला होता. अकरा ऑनलाइन तास तिने चष्मिसच्या लॅपटॉपवर बघितले. चष्मिस म्हणजे तिची खोलीतली मैत्रीण. दोघी एका पडद्यासमोर, लॉगिन एक. हजेरी लॉगिनची लागते. चष्मिस हजर, ही गैरहजर.

"तुझ्या लक्षात नाही आलं?"

"सर रोज विचारायचे, सगळ्यांना दिसतंय का? आम्ही दोघी मिळून हो म्हणायचो."

आई म्हणाली, "अगं, तू तिथेच तर बसतेस. परीक्षा विभागातल्या बाईंच्या कानावर घाल ना."

मी म्हटलं, असं होत नाही. बहिणीसाठी मागच्या दाराने जायचं, तर रांग बंद करून काय मिळवलं? धाकटीला सांगितलं, मदतखिडकीत रीतसर टाक. शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे.

"हिला घरातसुद्धा अर्ज लागतो," आई म्हणाली.

मग बोलणं कराराकडे वळलं. मीच सांगितलं, उघडा राहिलेला प्रत्येक प्रश्न माझ्या नावावर लागतो. 'बरं'चा नियमही सांगितला. आई हसली. "म्हणजे मी या घरात दिवसाला पन्नास प्रश्न सोडवते!"

धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, "बरं. उद्या टाकते."

१० मार्च, सोमवार
टाकला असेल. आम्हाला नावं दिसत नाहीत, क्रमांक दिसतात. तिचा क्रमांक मला पाठ आहे. शोधला नाही.

१२ मार्च, बुधवार
एकोणनव्वद पूर्णांक सहा.

१४ मार्च, शुक्रवार
नव्वद पूर्णांक दोन. टक्केसाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. "मुलं खूश आहेत हो," म्हणाले. करारावर सही झाली. पाच वाजता अर्ज बंद झाले. धाकटीला विचारलं — झालं ना? निळ्या खुणा उमटल्या.

१५ मार्च, शनिवार
सकाळी तिचा फोन. "नाही झालं, ताई." आवाज अगदी साधा. मी काही विचारायच्या आत म्हणाली, तास आहे, ठेवते. शनिवारी तिला तास नसतात.

आज क्रमांक शोधला. सोमवारी दहा वाजून चार मिनिटांनी तिचा प्रश्न. त्याच मिनिटाला आपोआप गेलेलं उत्तर, 'आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे. उत्तरास पंधरा दिवस लागू शकतात.' हा मजकूर माझा. दहा वाजून नऊ मिनिटांनी तिचं उत्तर, 'बरं.'

स्थिती: सुटला.

पाच मिनिटं. सवयीने लिहिलं असणार. ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणते.

१७ मार्च, सोमवार
परीक्षा विभागात गेले. आता मागचं दार, पुढचं दार, काहीही चाललं असतं. बाईंनी यादी वर-खाली करून दाखवली. "माझ्याकडे आलंच नाही बघा. अहो, बुधवारी मी असल्या चाळीस दुरुस्त्या केल्या. एका लॉगिनवर दोघं बसायची ही सगळी. दहा मिनिटांचं काम."

टक्केसाहेब म्हणाले, "मुदत संपली. एकीला उघडलं की सगळ्यांना उघडावं लागेल." घरी मीही असंच म्हटलं होतं, त्यामुळे वाद घालता आला नाही.

दुपारी 'बरं'ने बंद झालेले सगळे प्रश्न काढले. चारशे बारा. वाचत गेले.
'बरं मग राहू दे.'
'बरं, घरी सांगते तसं.'
'बरं पण मी करू काय?'
मी तपासलेले वीस नमुने एकाच दिवसाचे होते. त्या दिवशी ओळखपत्रं वाटली होती.

साहेबांना सांगितलं, नियम चुकलाय, आकडा खोटा आहे. "अहवाल वर गेलाय. झालेल्या जखमेची खपली कशाला काढता?"

१८ मार्च, मंगळवार
नियम काढला. सत्त्याऐंशी पूर्णांक एक. चारशे बारा प्रश्न पुन्हा उघडले. त्यातल्या बहुतेकांच्या मुदती गेल्या आहेत.

२० मार्च, गुरुवार
साहेबांच्या सांगण्यावरून कुणीतरी नियम परत घातला. नव्वद पूर्णांक चार.

२३ मार्च, रविवार
धाकटी आली नाही. नोकरीवाल्यांनी नकार कळवला. मी आईला म्हटलं, ते एक 'बरं' लिहिलं नसतं तर. चुकून गेलं तिच्या हातून.

आई शिलाई मशीनवर होती. पाय थांबले. "चुकून नाही गं. पंधरा दिवस लागणार म्हटल्यावर ती म्हणाली, माझं काही शुक्रवारच्या आत होत नाही, उगाच ताईच्या नावावर कशाला उघडा ठेवू."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगू नको म्हणाली. मी बरं म्हटलं."