तुम्ही बसवलेली पिन

बाबा, अमरावतीच्या शाळेतल्या त्या मोठ्या पियानोत तुम्ही बसवलेली पिन काल मी उपटली. तार सैल केली, पिन पकडीत धरून ओढली तर हलेचना. तुमचं काम पक्कंच असायचं, फक्त जागा चुकली होती. तारांखालच्या लाकडी पट्टीवर ती रेषेपासून अर्ध्या तांदळाएवढी बाहेर होती. तार तिला नीट टेकत नव्हती, म्हणून तो एक सूर भणभणायचा.

हे मला तुम्ही ती बसवलीत तेव्हाच दिसलं होतं. आपण दोघं अकोल्याहून आलो होतो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी बॅटरी धरतो म्हटलं तर तुम्ही खेकसलात, "चाळीस वर्सं झाले पेट्या दुरुस्त करून राहिलो, आता तू शिकवशीन मले?" मी बॅटरी खिशात घातली. काम झाल्यावर तुम्ही तो सूर दाबता, कान लावता, पुन्हा दाबता. मग फार हळू विचारता, "हे भणभण तुले आयकू येते का रे?" माझा कान तुम्हीच घडवलेला, त्यावर तुमचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा. पिन चुकली म्हटलं तर तुम्हाला लागेल, म्हणून मी म्हटलं, "नाई बाबा, काईच नाई."

काय बोलून बसलो मी. भणभण आपल्याच कानात आहे, असं तुम्ही धरून चाललात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असतं, चष्म्यानं भागलं असतं. पण सुराच्या माणसाचा कानच गेला तर उरतं काय? घरी आलात ते पुन्हा कोणाच्या पेटीला हात लावला नाही. आई विचारायची, "काहून असे बसून राह्यले?" तुम्ही नुसतं कानाकडे बोट दाखवायचात. मी रोज सांगायचं ठरवायचो, अन् रोज उद्यावर ढकलायचो. तुम्ही तसेच गेलात. आता मी पाय कोणाचे धरू, अन् हा कागद तरी कुठं धाडू?

जुन्या भोकात कडक लाकडाची खुंटी ठोकली, रात्रभर सरस वाळू दिला. आज नेमक्या रेषेवर नवं भोक पाडून पिन बसवली, तार ताणली. सूर स्वच्छ निघाला. मला तो ऐकवेना. तिथंच स्टुलावर बसून हुंदके देऊन रडलो, पन्नाशीचा माणूस.

संगीताच्या बाई आल्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं हा सूर असाच होता. ती पिन बसवली तरी कोणी होती?"

मी म्हटलं, "काय माहीत."