बगळा छाप बाटल्या

३ फेब्रु., शहादा
कंपनीचं पत्र. एप्रिलपासून 'बगळा' बिअर सगळ्या देशांत एकाच नव्या बाटलीत. हलकी, एकदा वापरून फेकायची. म्हणजे रिकाम्या बाटल्या धुऊन परत पाठवायचं आमचं काम संपलं. अब्बा पत्र ऐकून खाटेवर आडवे झाले. धुणाऱ्या सहा बायकांना सांगायचा धीर होत नाही.

७ फेब्रु.
कंपनीचा मुंबईहून फोन. दादाअब्बांनी, अब्बांच्या वडिलांनी, बाटल्यांची वखार टाकली तेव्हा हा बगळा दोन जिल्ह्यांपलीकडे कुणाला माहीत नव्हता. आता आफ्रिका, लंडन, कुठं कुठं. म्हणून जुन्या वस्तूंचं दालन करतायत. लेबलसकट जुन्या बाटल्या हव्यात. १२ला साहेब येणार.
अब्बा उठून बसले. "हमारा काम आँखों से देखेगा, तो बंद कैसे करेगा?" घरात कुणी थेंब चाखलेला नाही, आणि भरवसा बिअरवाल्यावर!

११ फेब्रु.
दिवसभर नंदुरबारला. संध्याकाळी येते तर पत्र्याखाली पडून राहिलेल्या दादाअब्बांच्या वेळच्या बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून काढून ओळीनं मांडलेल्या. त्यांच्या पिवळ्या कागदी लेबलावर एका पायावर उभा बगळा होता. आता कागदाचा कण नाही. लखलखीत.
अब्बा खूश. "मेहमान को मैली बोतल देते क्या?"
चूक माझी. लेबल हवंय हे मी त्यांना बोललेच नाही. लेबल राहिलं तर माल परत येतो, जन्मभर हेच शिकलेत ते. मला कळायला हवं होतं. न्हाणीत जाऊन रडले.

१२ फेब्रु.
साहेब आले. एक बाटली उजेडात धरली. "लेबल?"
अब्बा हसले. "एक भी नहीं छोडा, साब."
साहेब भला माणूस, हसला नाही. अब्बांच्या हातांचे फोटो काढले. सोड्यानं सोललेले हात. बाटली एकही नेली नाही. गाडीपाशी गाठून कामाचं विचारलं. "ते माझ्याकडे नाही हो." राग आला, पण कुणावर काढू?
आमची जुनी धुणारी कमलमावशी म्हणाली, "आमनं काय चुकनं व ताई?" तिला लेबलचं सांगितलं. ती खालीच बसली. अब्बांना नाही सांगितलं.

१६ फेब्रु.
अब्बा रोज विचारतात, फोन आला का. आज सकाळी त्यांनी त्याच बाटल्या पुन्हा टाकीत घालायला सांगितल्या. साहेबाला कुठंतरी डाग दिसला असणार म्हणे.
कमलमावशी माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणून मान हलवली. तिनं पदर खोचला आणि ब्रश घेतला.