काळी गाडी आणि दत्तूचा गाळा

दि. १८ सप्टेंबर २०२५ रोजी कुरिअरने आले ते येणेप्रमाणे: मोटारसायकलचा इग्निशन स्विच, दोन चाव्यांसह, एक नग, रु. ३८५. प्लग एक, रु. ११०. प्लगची टोपी एक, रु. ६०. काळी चिकटपट्टी दोन, रु. ३०. घरपोच आणण्याचे रु. ५०. एकूण रु. ६३५. पैकी स्विच लागला नाही. तो का लागला नाही हे सांगितल्याशिवाय पुढची वाटणी कोणाला पटणार नाही, म्हणून यादी आधी दिली आहे.

मी, सरस्वती धर्मराज मढवी, वय वर्षे ६७, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार तळवली गाव, घणसोली, नवी मुंबई, माझ्या गावदेवीला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर माझेच आहे, आणि कोणी शेजारी बसून हे लिहायला लावलेले नाही. उलट मुलगा विपुल दोनदा येऊन म्हणाला, "आई, आता पुरे कर. टेन्शन घेऊ नको."

हृदयाची झडप बदलायची आहे. ऑपरेशन बुधवार दि. १५ ऑक्टोबरला ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. झडपेची मला काळजी नाहीच. दहा-बारा दिवस झोप नाही त्याचे कारण दुसरे आहे, ते कलम ४ मध्ये येईल. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. तळवलीचे राहते घर माझे यजमान कै. धर्मराज यांनी त्यांच्या मृत्युपत्राने माझ्या एकटीच्या नावे केले. त्यातील तळमजला, पहिला मजला व वरच्या भाड्याच्या तीन खोल्या विपुल यास द्याव्यात. भाडेकरूंना पाण्यावरून बोलायचे नाही. ती माणसे दिवसभर कारखान्यात उभी असतात. तळमजल्याचा रस्त्याकडचा गाळा यातून वगळला आहे.

कलम २. पोस्टातील मुदत ठेव विपुल आणि सून नमिता यांना निम्मी निम्मी. माझ्या दोन्ही पाटल्या एकट्या नमिताला. कारण असे की, सदुसष्ट वर्षांची सासू जुनी मोटारसायकल उघडून बसली तेव्हा तिने "कशाला?" असे विचारले नाही. ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "आई, तुम्ही ठिणगी बघा, किक मी मारते." तेवीस किका मारल्या. तेविसाव्या किकेला चप्पल निसटून तुळशीपाशी जाऊन पडली, तरी हसली.

कलम ३. माझे टाळ व पोथ्या भजनी मंडळाच्या वैजयंतीताईंकडे द्याव्यात. त्यांना ताल नाही, पण टाळ सोबत असले तर येईल. शेजारचे श्री. नंदकुमार यांनी २०१६ साली नेलेली लोखंडी शिडी परत आणावी. ते यावर साक्षीदार आहेत, सही करण्यापूर्वी वाचतीलच.

कलम ४. आता गाडी.

यजमानांनी १९९४ साली घेतलेली काळी मोटारसायकल गेली चौदा वर्षे मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. नवरात्र झाले की भंगारवाला बोलवायचा असे विपुलने ठरवले होते. मी म्हटले, आधी मला बघू दे. तो म्हणाला, "काय बघणार आहेस तू त्यात?" त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, आता देते. मला माझा भाऊ दत्तू खोटा ठरलेला डोळ्यांनी बघायचा होता.

दत्तू माझ्या पाठचा. दिघ्याला त्याचे गॅरेज होते. २०११ च्या पावसाळ्यानंतर गाडी मध्येच बंद पडू लागली. यजमान म्हणत, डावीकडे वळताना बंद पडते, सरळ असली की चालते. एका शुक्रवारी दत्तू घरी आला, चावीचा स्विच बदलला आणि मला म्हणाला, "ताय, स्विच नवा टाकलाय. पन मना वायरींचा संशय हाय. हेडलाइटखालची ही तार सोरून बगू का?" ती तार म्हणजे मी गाडीला बांधलेली लिंबू-मिरची. दर शनिवारी मी नवी बांधत असे, बारीक तारेत ओवून, हँडलच्या मानेशी पक्के चार वेढे देऊन. मी म्हटले, "शनिवार उजाडल्याशिवाय ती सोडायची नाही. नजर परत फिरते." तो हसला. "बरं ताय. उद्या दुपारी येतो, तवा सोरू."

शनिवारी सकाळी मी जुने लिंबू सुरीने कापून काढले. तारेचे वेढे तसेच राहिले, कारण ते पकडीशिवाय सुटत नसत आणि पहिल्या पाळीची वेळ झाली होती. त्यांवरच नवी तार गुंडाळली. यजमान निघाले. नाक्यावर टिफिन विसरल्याचे आठवून मागे फिरले, आणि गावात डावीकडे वळताना गाडी रस्त्यातच बंद पडली. मागून टेम्पो होता. उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. कारखान्यातली नोकरी गेली. ते स्वतः पुढे आठ वर्षे होते. खुर्चीत.

दवाखान्याच्या दारात दत्तू धावत आला. दोन्ही घरची तीस-चाळीस माणसे उभी होती. सगळ्यांदेखत मी ओरडले, "तुझ्या हाताने माझ्या नवऱ्याचा पाय गेला. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." तो एवढेच म्हणाला, "ताय, ती तार..." मी पुढचे ऐकले नाही. तारेवर ढकलतो, देवाधर्मावर ढकलतो, असे आणखी चार शब्द जोडले. ते शब्द दिघ्यापर्यंत पोचले. वर्षभरात गिऱ्हाईक तुटले, गॅरेज बंद झाले आणि दत्तू बायकोच्या माहेरी, रोह्याकडे, निघून गेला. चौदा भाऊबीजा मी चंद्राला ओवाळले.

आता या सप्टेंबरचे. माझ्या हिशेबाच्या वहीत दत्तूच्या हातचा एक कागद निघाला. गाडी नवी होती तेव्हा त्याने भावजींसाठी लिहून दिला होता: "गारी बंद परली तर". त्याच्याच कागदाने त्यालाच पकडावे, असे माझ्या मनात आले. देवासमोर कबूल करते.

त्यात लिहिल्याप्रमाणे नवा प्लग टोपीत लावला, इंजिनाच्या धातूला टेकवला आणि नमिताने किक मारली. निळी ठिणगी दिसायला हवी. दिसली नाही. कागदावर पुढे: "स्विचाकरं जानारी काली-पांढरी वायर काढून ठेव नि परत किक मार. ठिनगी आली तर कॉईल चांगली हाय, दोष स्विचात नाय तर वायरीत. कॉईल घ्यायला धावू नको, पैसं वाचतील." वायर काढली. ठिणगी आली, चांगली निळी. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. स्विच! दत्तूचाच स्विच! मी तो सोडवला, कुरिअरने आलेला नवा जोडला, काळी-पांढरी वायर पुन्हा लावली, चावी फिरवली. नमिताने किक मारली.

ठिणगी नाही.

नवा स्विच, तरी नाही. दत्तूचा जुना परत जोडला. अर्थात नाही. तोवर नमिताला पाय ठेवायला जागा पुरेना, म्हणून तिने स्टँडवरच्या गाडीचे इतका वेळ डावीकडे वळून राहिलेले हँडल सरळ केले. किक मारली. ठिणगी! दत्तूच्याच स्विचवर. मी म्हटले, "डावीकडे फिरव." गेली. "उजवीकडे." आली. "डावीकडे." गेली. नमिता म्हणाली, "आई, हे तर बाबा सांगायचे तसंच झालं की."

हेडलाइट उतरवला. मानेपाशी माझ्या तारेचे गंजलेले वेढे होते, एकावर एक, मोजले तर आठ. हँडल डावीकडे नेले की वायरींचा जुडगा ताणून त्या तारेवर दाबला जाई. तारेने काळ्या-पांढऱ्या वायरीचे रबर कापले होते, आतले तांबे उघडे पडले होते. ते गाडीच्या लोखंडाला टेकले की इंजिन बंद, चावी कितीही चालू असो. दत्तूच्या स्विचात काही खोट नव्हती. आजही नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, तीच मला झोपू देत नाही. अपघातानंतर दोन-तीन महिन्यांनी कुबड्या घेऊन यजमान एकदा पडवीत गाडीपाशी बराच वेळ बसले होते. आत आल्यावर मला म्हणाले, "सरस्वती, यापुढे लिंबू-मिरची सुतात ओवत जा. तारेत नको." मला वाटले, गंज लागतो म्हणून सांगतात. मी "बरं" म्हटले. त्यानंतर गाडीवर ताडपत्री पडली आणि कोणाला ती उघडू दिली नाही. म्हणजे त्यांना कळले होते. मला वाचवायला ते आठ वर्षे गप्प बसले, आणि तेवढी आठ वर्षे दत्तूने माझे ओझे वाहिले. यजमानांवर रागावू की त्यांच्या पाया पडू, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही करून पाहिले. देवावर माझा रोष नाही. लिंबाने काही केले नाही, मिरचीने काही केले नाही. तार माझी होती, आणि "सोडायची नाही" हा शब्द माझा होता.

कलम ५. म्हणून तळमजल्याचा रस्त्याकडचा गाळा, वीजमीटर व पुढच्या ओट्यासह, माझा भाऊ दत्तू यास मालकीहक्काने द्यावा. काळी मोटारसायकल, दत्तूने बसवलेल्या स्विचसह, त्यालाच. न लागलेला नवा स्विचही त्यालाच, कारण दुकानदार परत घेत नाही. कापलेल्या वायरीला मी पट्टी लावलेली नाही आणि गाडी चालू करून पाहिलेली नाही. ते त्याचे काम आहे.

हे वाचून विपुल म्हणाला, "मामाला गाळा? आई, त्याचं भाडं किती येतं माहितीये ना? पायजे तर सॉरी म्हण, फोन कर, मिठाई ने." मी विचारले, "त्याचे गॅरेज मिठाईने उघडेल का?" विपुलने कोर्टात जाऊ नये. गेल्यास कलम १ मधील वरच्या तीन खोल्याही दत्तूकडे जातील. मी मॅट्रिक आहे, एवढे लिहिता येते.

कलम ६. कलम ४ माझ्या बाराव्याला, जेवणापूर्वी, मोठ्याने वाचावे. जेवल्यावर लोक ऐकत नाहीत. दवाखान्याच्या दारात जे उभे होते त्यांपैकी हयात असलेल्यांना आठवणीने बोलवावे. मी ऑपरेशनमधून उठले, तर येत्या भाऊबीजेला, दि. २३ ऑक्टोबर रोजी, तेच कलम मी स्वतः गावदेवीच्या मंडपात वाचेन.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नमिताने करावी. या घरात यापुढे वाहनाला काहीही बांधायचे ते सुतात बांधावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, कलम ५ तीनदा वाचले आणि समजून-उमजून खाली सही केली.

सही: सौ. सरस्वती
(सवयीने "सौ." लिहिले गेले, ते खोडून) सरस्वती धर्मराज मढवी

आमच्यासमक्ष सही झाली, आणि आम्हीही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
१. नंदकुमार भोईर, तळवली (शिडी उद्या आणून देतो)
२. वैजयंती गोटीराम म्हात्रे, तळवली

स्थळ: तळवली, नवी मुंबई
दि. ५ ऑक्टोबर २०२५

ता. क. ही नक्कल स्पीडपोस्टाने दत्तूकडे रोह्याला पाठवत आहे. दत्तू, तुझा फोन नंबर कोणी देत नाही, पत्ता वैजयंतीताईंनी मिळवला. गाळा माझ्या मागे तुझा होईलच, पण गाडी आजपासून तुझी. ताडपत्री काढून ठेवली आहे. ती तार मी सोडलेली नाही. तू विचारले होतेस, सोडू का म्हणून. सोड. १५ तारखेच्या आत येतोस की नाही, एवढेच उलट टपाली कळव. येणार नसलास, तर तसेही कळव.