सव्वीस अंशांवरची रेघ

अण्णा, आज सकाळी सहाला उठून मी डब्यातल्या पाण्याचं तापमान मोजलं. सव्वीस अंश भरलं. बाहेर पौषातला गारठा असा, की दूधवाला कानटोपीतून नुसते डोळे दाखवत होता. तुम्ही असता तर थर्मामीटरला दोनदा टिचकी मारली असती आणि मगच विश्वास ठेवला असता. मीही मारली. आकडा हलला नाही. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायलाही थोडं थांबावं लागतं, पण तो टिचकीचा आवाज मात्र अगदी स्पष्ट आठवला, आणि चहा टाकायचा सोडून मी हे लिहायला बसले.

हा उद्योग एका मुलीमुळे सुरू झाला. निवृत्तीला काही महिने उरलेले, अकरावीला विशिष्ट उष्णता शिकवत होते. सारखीच उष्णता दिली तर लोखंड भरकन तापतं, पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग दिवसाचं ऊन पाण्यात भरून रात्री घरात का नाही वापरत?" मी पटकन बोलून गेले, "आमच्या घरी वडिलांनी केलं होतं. चाललं नाही." आणि फळ्याकडे वळले. खडू हातात तसाच राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आपलं द्वारका चौकामागचं घर आठवतं ना? दक्षिणमुखी म्हणून कुणी घेत नव्हतं, ते तुम्ही घेतलं. शेजारी म्हणायचे, यमाची दिशा आहे. तुम्ही म्हणालात, "यम येईल तवा येईल. हिवाळ्यात ऊन तर येतंय." मग दर पंधरा दिवसांनी, दुपारी कामावर निघण्याआधी, खिडकीतून आत आलेल्या उन्हाची कड तुम्ही फरशीवर खडूने आखायचात. उन्हाळ्यात ऊन खिडकीशीच थबकायचं आणि मार्गशीर्षात पार आईच्या पलंगापर्यंत पोचायचं. आईने त्या रेघा पुसू नयेत म्हणून केरसुणी माझ्या हातात आली. सूर्य हिवाळ्यात खाली उतरतो हे मी पुस्तकात वाचण्याआधी फरशीवर पाहिलं.

मला अजून नवल वाटतं, सातवी शिकलेल्या, कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरला हे सुचलं कसं? तुम्ही सांगायचात ते एवढंच, की कारखान्याच्या आवारातलं पाण्याचं पिंप संध्याकाळीही हाताला कोमट लागतं आणि शेजारचा पत्रा केव्हाच गार झालेला असतो. असं कोमट पिंप तर तिथल्या प्रत्येकाच्या हाताला लागत असणार. घरी बायकोला दमा आहे, थंडीत शेगडी पेटवावी तर धुराने ती आणखी खोकते, हे मात्र तुमच्याच डोक्यात होतं.

दिवाळी झाली आणि तुम्ही भंगारवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे सायकलवर बांधून आणायला लागलात. एका खेपेला चार. आतून सोड्याने धुतले, बाहेरून काळे रंगवले, पाणी भरून समोरच्या मोठ्या खिडकीत एकावर एक रचले. पुढे काचेचं तावदान, बिजागरीवर उघडणारं, धूळ पुसता यावी म्हणून. आणि त्यावर रात्री बसवायचं झाकण: दोन फळ्या आणि मध्ये ठासून भरलेलं भाताचं तूस. दिवसा ऊन डब्यांत शिरेल, सूर्य कलला की झाकण लावायचं, मग डबे रात्रभर ती ऊब खोलीत सोडत राहतील. तुमची दुसरी पाळी, सुट्टीच्या दिवशी तुम्ही गावी शेतावर. म्हणून झाकण लावायचं काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षांची. केवढी फुशारकी मारली होती मी शाळेत!

सकाळी सहाला, झोप अर्धी सोडून, तुम्ही थर्मामीटर डब्यात बुडवून आकडा वहीत लिहायचात. एकदा तुम्ही उठला नाहीत म्हणून मीच कालच्यासारखा आकडा लिहून टाकला. तुम्हाला कसं कळलं देव जाणे. तुम्ही ओरडला नाहीत, पेन माझ्या हातातून काढून घेतलंत. "वहीत अंदाज नाय लिहायचा. दिसलं तेच लिहायचं. नाय दिसलं तर जागा मोकळी ठेवायची." हे वाक्य मी प्रयोगशाळेत किती पोरींना ऐकवलं असेल. ऐकवताना दर वेळी जीभ किंचित अडखळायची.

आकडे काही केल्या वर जाईनात. अठरा, एकोणीस, कधी वीस. तुम्ही तूस बदललंत, फटींत चिंध्या कोंबल्यात, दोन डबे वाढवलेत. वहीच्या समासात तुमची गणितं दाटीने वाढत गेली. आई रात्री खोकायची ती खोकायचीच. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सांगते. झाकण आम्ही सूर्य कलल्यावर लावतच नव्हतो. तुम्ही वळणाआड गेलात की काही तासांत दिवेलागण, आणि आई म्हणायची, "तिन्हीसांजंला घराचं तोंड झाकायचं नाय गं. आधीच दक्षिणमुखी घर, लक्ष्मी उंबऱ्यावरून मागं फिरंल." दार सताड उघडं. तावदानही उघडं, आणि त्या काळ्या डब्यांपुढे, खिडकीच्या कडेवर, निरांजन. गार वारा डब्यांना चाटून घरात शिरायचा. जेवणं होईपर्यंत सगळं तसंच, मग आई म्हणायची, "लाव आता, हे यायच्या आत. आन् सांगू नको, उगा डोकं फिरवतील." दमेकरी बाई पदर तोंडावर धरून बसायची, पण दार लावायची नाही. लक्ष्मी घरात टिकावी, तुमची नोकरी आणि माझं शिक्षण चालावं, म्हणून ती ते सगळं करत होती. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी मला अजून जमत नाही.

मग आई एका रात्रीपुरती वणीला माहेरी गेली. जाताना बजावलं, दिवा लाव, दार उघडं ठेव. तुम्ही कामावर गेलात, घरात मी एकटी. सावल्या लांबायला लागल्या आणि मला भीती वाटली. ऊन असतानाच झाकण बसवलं, दाराला कडी घातली, दिवा आत देवापुढे लावला आणि तुम्ही येईपर्यंत पांघरुणात बसून राहिले. सकाळी तुम्ही थर्मामीटर बुडवताय. टिचकी मारताय. पुसून पुन्हा बुडवताय. मी पलंगावरून उतरून डब्याला तळहात लावते, तो नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणाइतका उबदार. मला त्या क्षणी सगळं कळलं, अण्णा. तुम्ही सव्वीस लिहिलंत. माझ्याकडे वळून विचारलंत, "काल संध्याकाळी काय येगळं केलं का गं?" मी म्हटलं, "नाही."

खरं सांगितलं असतं तर रोजचं उघडं पडलं असतं आणि आईला बोलणी बसली असती. तुम्हाला खरं सांगावं तर आई अडकणार, आईचं पाळावं तर तुम्ही फसणार. तुम्ही माझ्याकडे क्षणभर पाहिलंत, मग सव्वीसवर रेघ मारलीत, शेजारी लिहिलंत, 'थर्मामीटर तपासणे'. माझ्या शब्दाखातर तुम्ही स्वतःचा नियम मोडलात. पुढे आई परतली, आकडे पुन्हा एकोणीसवर आले. संक्रांतीनंतर तुम्ही डबे उतरवलेत. "पाणी ऊन धरतं, पन रातभर नाय धरत. माझंच गणित चुकलं." एका डब्यात आईने तुळस लावली. शेगडी परत आली. तिचा खोकला पुढचे कित्येक हिवाळे भिंतीपलीकडून ऐकत मी अभ्यास केला, आणि तुम्ही त्यानंतर घरात नवं असं काही केलं नाहीत.

म्हणून या हिवाळ्यात मी माझ्या घरात तसंच मांडलं. तेवढेच डबे, तसाच काळा रंग, झाकणात मात्र तुसाऐवजी थर्माकोल. आमचे हे म्हणाले, "पाणीच साठवायचं होतं तर गच्चीवर टाकी काय वाईट होती?" पाच संध्याकाळी आईच्या पद्धतीने सगळं उघडं ठेवलं, पाच संध्याकाळी तुमच्या. उघड्याला वीसच्या वर एकदाही गेलं नाही. आज झाकलेल्याची पाचवी सकाळ. उबदार खोलीत बसून लिहितेय, आणि ही ऊब आईच्या छातीला मिळायला हवी होती, हे काही केल्या मनातून जात नाही.

तुमचं गणित बरोबर होतं. सबंध वहीत तुम्ही खोडलेला तेवढाच आकडा खरा आहे. हे पत्र कुठे धाडणार, तुमची वही मी जपून ठेवली आहे, तिच्या त्याच पानात घडी करून ठेवते. त्या रेघेखाली काही लिहावं म्हणून पेन उघडलं होतं, पण वही तुमची आहे. फक्त तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर राहिलंय.

हो अण्णा. काल एकटीला भीती वाटली, म्हणून मी दार लावून घेतलं होतं.