मोटारसायकल लेकीला, काच बायकोला

मी, खाली सही करणारा, धंद्याने फ्रेमवाला, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ताळ्यावर असताना करत आहे. डोकं ताळ्यावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाला तो पटलेला नाही, पण त्याला विचारतो कोण! घशाच्या शस्त्रक्रियेनंतर माझा आवाज कुजबुजीपुरताच उरला, म्हणून मी सांगतो आणि माझी पत्नी कान जवळ आणून लिहिते.

१. राहतं घर, खालचं दुकान आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. दुकान चालवावं, भाड्याने द्यावं की विकावं, ते तिनेच ठरवावं. भावाने सल्ला देऊ नये.

२. काच कापायची हिरकणी, पट्ट्या आणि करवती धाकट्या भावाला. जन्मभर "दादा, तुझ्या चौकटी तिरक्या" म्हणत आला. आता त्याने एक तरी सरळ करून दाखवावी.

३. मोटारसायकल मुलीला. याचं कारण नोंदवून ठेवतो.

माझ्या घशात गाठ निघाली, तेव्हा शस्त्रक्रियेला पत्नी तयार नव्हती आणि श्वास कोंडल्यामुळे मी शुद्धीवर नव्हतो. मुलीने संमतीची सही केली. मी जगलो, आवाज गेला. पत्नी तिला म्हणाली, "तुझ्या सहीने यांचं बोलणं गेलं." मुलगी म्हणाली, "आई, माणूस तर राहिला ना?" दोघींचंही खरं होतं, म्हणूनच कुणी माघार घेईना. तेव्हापासून त्यांच्यात अबोला आहे. मुलगी वेगळी राहते. मला भेटायला दुकानात येते, जिना चढत नाही.

आम्हा नवराबायकोचे लांबचे प्रवासही बंद पडले. पूर्वी मी पुढून ओरडायचो, "खड्डा आला, धर!" नाहीतर उगाच गात असायचो. आता वारा माझी कुजबुज ओठांवरूनच उडवून न्यायचा. "एकटीच बसल्यासारखं वाटतं हो," ती म्हणाली आणि तिने मागे बसणंच सोडलं.

हे मी मुलीच्या कानावर घातलं. ती मला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने हँडलपुढे बसवायची, वारा अडवणारी सगळ्यात उंच काच पुढे केली. मुलगी म्हणाली, "ही नको. पावसात हिच्यातून रस्ता दिसायचा नाही. वरची कड बाबांच्या नाकापाशी हवी, म्हणजे नजर काचेवरून जाईल आणि वारा डोक्यावरून." मग एकेक काच लावून मला चक्कर मारायला लावली, कारण कड जरा चुकली की वारा नेमका हेल्मेटवर आदळून घोंगावतो. काढता येणारी हवी, हा हट्ट माझा. बाजारापर्यंत जाताना मला वारा अंगावरच लागतो. खटके उघडले की हातात येते, अशी मिळाली. काच म्हणतो खरा, पण आहे ती अ‍ॅक्रिलिकची. फ्रेमवाल्याने खोटं सांगू नये.

मोठ्या मिनतवारीने पत्नी मागे बसली. शहर मागे पडल्यावर मी म्हणालो, "भूक लागली." मागून लगेच उत्तर आलं, "आत्ताच तर खाऊन निघालो!" मी गाडी कडेला घेतली. ती रडत होती आणि मला खादाडही म्हणत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काच निवडली कुणी?" मी सांगितलं. ती पुन्हा मागे बसली. परतताना एवढंच बोलली, "वाऱ्याने मान आखडत नाही म्हणावं तिला."

निरोप मी पोचवला. मुलीने ऐकला आणि तोंड फिरवून दुकानातले आरसे पुसत राहिली.

४. सदर काच मोटारसायकलीसोबत जाणार नाही. ती वेगळी निघते, म्हणून वेगळी देता येते. काच पत्नीला. मुलीला लांब जायचं असेल तर तिने आईकडे येऊन काच मागावी. आईने नुसती काच देऊ नये, मागे बसून स्वतः सोबत जावं. त्या काचेआड माझी कुजबुज ऐकू येते. या दोघींचे आवाज तर चांगले खणखणीत आहेत.

हे कलम लिहिताना पत्नीने पेन खाली ठेवलं. "हे मृत्युपत्र नाही, ही दादागिरी आहे," ती म्हणाली. "मी नाही बसायची तिच्यामागे."

"लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं. उठून खिडकीपाशी गेली, पडदा नीट केला, तो नीटच होता. मग म्हणाली, "त्यासाठी तुम्ही जायची वाट कशाला बघायची? तिला म्हणावं, रविवारी ये. जिना चढून ये."

"मग मी काय करू?"

"तुम्ही दुकान सांभाळा."

सबब कलम चार माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू समजावे.

स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, शुक्रवार

(सही) फ्रेमवाला
लिहिणार: पत्नी
साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका
२. घशाचे डॉक्टर